टेम्पोसाठी काचतंतूची कमान: मधला भाग सोपा, टोके अवघड

अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत आपली गाड्यांच्या कमानींचे पाटे घडवण्याची आणि दुरुस्तीची कार्यशाळा आहे, भट्टी आणि हायड्रॉलिक प्रेस आहे, आणि आता विजेवर चालणाऱ्या लहान मालवाहू टेम्पोंसाठी काचतंतू व इपॉक्सी रेझिन यांची कमान (आस आणि चासी यांच्यामधली पाट्यांची स्प्रिंग) बनवावी असा आपला विचार आहे. ही कमान सोलापूरच्या उन्हाळ्यात टिकेल का, ती बनवायला काय लागते, आणि पुढे तीच उसाच्या ट्रॉलीला बसवता येईल का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर छोटे असल्यामुळे ते आधी देतो: उसाच्या ट्रॉलीला बसवू नका, आणि त्याचे कारण खाली हिशेबासह सांगतो. टेम्पोच्या बाबतीत उत्तर ‘होय’ आहे, पण पहिल्या वर्षी नाही आणि आपल्या मनात असलेल्या रचनेतही नाही.

प्रथम हे साहित्य कमानीसाठी इतके आकर्षक का आहे ते पाहू. कमानीचे काम धक्क्याची ऊर्जा साठवणे आणि परत देणे हे आहे. एक किलो साहित्यात किती ऊर्जा साठेल हे ताणाच्या वर्गाला घनता आणि यंग गुणांक (साहित्याच्या कडकपणाचे माप) यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागले की कळते. म्हणजे तुळई किंवा चासी बनवताना जो कडकपणा आपल्याला हवा असतो, तोच कमानीच्या बाबतीत भाजकात जाऊन बसतो. चांगल्या उष्णोपचारित स्प्रिंग स्टीलची ताकद सुमारे १४०० मेगापास्कल, यंग गुणांक सुमारे २०६ गिगापास्कल आणि घनता ७८५० किलो प्रति घनमीटर धरली, तर तुटण्याच्या क्षणी एका किलोत सुमारे ६०० ज्यूल साठतात. सर्व तंतू लांबीच्या दिशेने असलेल्या काच-इपॉक्सी पट्टीची ताकद सुमारे १००० मेगापास्कल, गुणांक ४० गिगापास्कल आणि घनता २००० धरली, तर हाच आकडा ६००० ज्यूलच्या वर जातो. रोजच्या वापरात दोन्ही साहित्ये यापेक्षा खूप कमी ताणावर ठेवावी लागतात, तरीही या हिशेबात काचतंतू स्टीलच्या कितीतरी पुढेच राहतो. कार्बन तंतूंचा मोह अनेकांना होतो. प्रति किलो ऊर्जेत कार्बन काचेच्या थोडा पुढे जातो, पण त्याची किंमत अनेक पटींनी जास्त असते, तो काचेपेक्षा कमी लांबून तुटतो आणि ओलाव्यात स्टीलला चिकटून राहिला तर स्टीलला गंजवतो. मालवाहू गाडीच्या कमानीत त्याचे काम नाही.

आता ज्यांनी हे यशस्वी करून दाखवले त्यांच्याकडे पाहू, कारण आपल्या रचनेतील अडचण तेथेच स्पष्ट होते. शेव्हरोले कॉर्व्हेट या मोटारीत १९८१ मध्ये मागच्या बाजूला काचतंतूची आडवी कमान आली. सुमारे १९ किलोच्या स्टीलच्या पाट्यांची जागा सुमारे ३.६ किलोच्या एका पाट्याने घेतली, आणि २०२० च्या मॉडेलमध्ये मळसूत्री स्प्रिंगा येईपर्यंत ही पद्धत त्या मोटारीत टिकली. मर्सिडीझच्या स्प्रिंटर व्हॅनमध्ये पुढच्या आसाला काचतंतूची आडवी कमान असते, आणि व्होल्व्होच्या दुसऱ्या पिढीच्या एक्ससी ९० मध्ये मागच्या बाजूला पॉलियुरेथेन रेझिनची आडवी कमान असून तिच्यामुळे मळसूत्री स्प्रिंगांच्या तुलनेत साडेचार किलो वजन वाचले. ऑडीने २०१४ मध्ये काचतंतूची मळसूत्री स्प्रिंग जाहीर केली. तिचे वजन २.७ किलोवरून १.६ किलोवर आले होते. तारेला तेथे पीळ सोसायचा असल्यामुळे तिच्यातील तंतू लांबीच्या दिशेने न ठेवता ४५ अंशांत दोन्ही बाजूंनी गुंडाळले होते.

या सर्व गाड्यांत एक गोष्ट समान आहे. चाक कोठे राहावे, ब्रेक लागल्यावर त्याने मागे किती सरकावे, वळणावर बाजूला किती जावे, हे ठरवायला तेथे वेगळे दांडे आणि आर्म आहेत. कमानीने फक्त वर-खाली व्हायचे आहे. आपल्या टेम्पोच्या मागच्या आसाला असे दांडे नसतात. तेथे पाटाच वजन पेलतो, पाटाच आस जागेवर धरतो आणि ब्रेकचा व मोटरचा पीळही पाटाच सोसतो. आपण पाठवलेल्या रेखाचित्रात स्टीलची संपूर्ण कमान काढून तेथे काचतंतूचा एकच जाड पाटा दोन डोळ्यांसह (चासीला जोडण्यासाठी टोकांना असलेल्या गोल कड्यांसह) बसवला आहे, म्हणजे ही तिन्ही कामे त्याच्यावर टाकली आहेत. कॉर्व्हेटच्या यशाचा दाखला या रचनेला लागू पडत नाही.

आकडे घेऊन पाहू. समजा मागच्या एका बाजूला ५००० न्यूटन, म्हणजे साधारण ५०० किलो भार आहे, दोन डोळ्यांमधले अंतर ११०० मिमी आहे आणि पाट्याची रुंदी ६० मिमी आहे. स्टीलचे ७ मिमी जाडीचे पाच पाटे लावले तर कडकपणा दर मिलिमीटरला सुमारे ४२ न्यूटन मिळतो, पूर्ण भाराला ताण सुमारे ५६० मेगापास्कल येतो, आणि क्लिपा, बुश धरून वजन बारा किलोच्या आसपास जाते. तोच कडकपणा काचतंतूच्या एका पाट्यात मिळवायचा तर मध्यभागी जाडी सुमारे २१ मिमी लागते. टोकांकडे जाडी कमी करत आणि रुंदी वाढवत नेऊन छेदाचे क्षेत्रफळ सारखे ठेवले, म्हणजे सगळे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न तुटता जातात, तर या पाट्याचे वजन पावणेतीन किलोच्या आसपास भरते आणि ताण सुमारे ३२० मेगापास्कल येतो. टोकांचे स्टीलचे भाग आणि मधली बैठक मिळून आणखी दोन-सव्वादोन किलो धरा. बारा किलोचे पाच किलो झाले. साहित्याच्या एका किलोत दहापट ऊर्जा साठत असताना प्रत्यक्ष बचत साठ टक्क्यांवर येऊन का थांबते, याचे उत्तर त्या दोन-सव्वादोन किलोंत आहे.

हा २१ मिमीचा मधला भाग बनवणे तुलनेने सोपे आहे. त्याच्यातील थरांमधला कातर ताण, म्हणजे थरांना एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण, या उदाहरणात तीन मेगापास्कलच्या आसपास येतो, आणि बरी बनवलेली पट्टी पन्नासहून अधिक सोसते. खरी अडचण जेथे पाटा दुसऱ्या कशाला तरी जोडला जातो तेथे आहे. स्टीलला भोक पाडले की भोकाभोवतीचा ताण वाढतो, पण धातू सर्व दिशांना सारखाच बळकट असतो. लांबीच्या दिशेने तंतू असलेल्या पट्टीची आडव्या दिशेची ताकद लांबीच्या ताकदीच्या विसाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. सेंटर बोल्टसाठी मध्यभागी भोक पाडले की तंतू तेथे तुटतात आणि भोकापासून दोन्ही बाजूंना लांबीच्या दिशेने उभी चीर निघते. म्हणून मध्यभागी भोक नको. पाट्याच्या वर व खाली रबर किंवा पॉलियुरेथेनची गादी असलेली स्टीलची वाटी असावी, आस जागेवर राहण्यासाठी पाट्यावर साच्यातच लहानसा उंचवटा किंवा खाच काढावी, आणि यू-बोल्ट आवळताना वरची व खालची वाटी एकमेकींना टेकून थांबतील अशी रचना करावी. आपल्याकडे यू-बोल्टला पाइप लावून अंगाचा भार देऊन आवळण्याची पद्धत आहे. हा सगळा दाब पाट्यावर गेला तर तो पहिल्याच महिन्यात बैठकीच्या कडेला चिरडलेला दिसेल.

डोळ्यांचे प्रकरण याहून नाजूक आहे. स्टीलचा डोळा पाट्याच्या टोकाला बोल्टने जोडणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट पद्धत आहे, कारण भोक आले की चीर आली. दुसरी पद्धत म्हणजे तंतू थेट डोळ्यातील बुशभोवती (पिन बसते त्या नळीभोवती) वळवून परत पाट्यात आणणे. येथे तंतू तुटत नाहीत, पण जेथे वरचा आणि खालचा पदर एकत्र येतात त्या फाट्यावर ब्रेक लागताच दोन्ही पदर एकमेकांपासून सोलले जातात, आणि तो फाटा आडव्या गुंडाळीने किंवा स्टीलच्या पट्ट्याने आवळून धरावा लागतो. तिसरी पद्धत अशी की पाट्याचे टोक पाचरीसारखे जाड होत जावे आणि ते त्याच आकाराच्या स्टीलच्या खोबणीत चिकटवून पकडावे. ओढ जितकी वाढते तितकी पकड घट्ट होते. लहान कार्यशाळेसाठी मला ही तिसरी पद्धत पसंत आहे, कारण ती साच्यात अचूक बनते आणि तपासतानाही नुसत्या नजरेला दिसते.

यातही एक गोष्ट उरतेच. काच-इपॉक्सीचा कातर गुणांक चार-पाच गिगापास्कल असतो, स्टीलचा ८० च्या आसपास. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे वर असताना पाट्याला पीळ बसतो; त्या पिळाने लांबीच्या चिरा निघू नयेत म्हणून बाहेरच्या पृष्ठभागावर ४५ अंशांच्या कापडाचा एखादा थर द्यावाच लागतो. शिवाय वरच्या उदाहरणातील जाड पाट्याचा बाजूच्या दिशेचा कडकपणा स्टीलच्या फक्त मुख्य पाट्याच्या तुलनेत साठ टक्क्यांच्या आसपास भरतो, म्हणजे भरलेली गाडी वळणावर मागून तरंगल्यासारखी वाटते. पाट्यांमधले घर्षणही नाहीसे होते. ते घर्षण आपण ग्रॅफाइट ग्रीस लावून कमी करत असलो तरी स्टीलच्या कमानीत शॉक ॲब्सॉर्बरचे काही काम तेच करत असते. एका पाट्याच्या कमानीला जुने शॉक ॲब्सॉर्बर चालत नाहीत.

म्हणून टेम्पोसाठी मी सुचवतो ती रचना मिश्र आहे. डोळे असलेला मुख्य पाटा स्टीलचाच ठेवा, ६ मिमीच्या आसपासचा पातळ किंवा पॅराबोलिक (टोकांकडे पातळ होत जाणारा), आणि त्याच्याखाली काचतंतूचा एक जाड पाटा द्या, ज्याला डोळे नाहीत आणि ज्याची टोके मुख्य पाट्याखाली चिवट पॉलिथिलीनच्या चकतीवर सरकतात. आस धरणे आणि ब्रेक सोसणे स्टीलकडे राहिले, भाराचा मोठा वाटा काचतंतूकडे गेला. मुख्य पाट्याचे वजन तीन किलोच्या थोडे वर, संपूर्ण कमानीचे साडेसहा-सातच्या आसपास. बचत कमी झाली हे खरे, पण काचतंतूचा पाटा उद्या फुटला तरी आस जागेवर राहतो, गाडी एका बाजूला बसते आणि चालक ती हळू चालवत गावापर्यंत आणू शकतो. मुख्य पाट्याची जाडी वाढवण्याचा मोह टाळा. संपूर्ण कमान जितकी वाकते तितकेच त्यालाही वाकावे लागते, आणि त्याचा ताण जाडीच्या प्रमाणात वाढतो.

वजनाच्या बचतीबद्दल एक स्पष्ट मत सांगतो. दोन मागच्या कमानींत मिळून दहा ते पंधरा किलो वाचले, तर दीड टन भरलेल्या गाडीच्या ते एक टक्का किंवा त्याहून कमी आहे, आणि एका चार्जमध्ये मिळणाऱ्या अंतरातील वाढ त्याहूनही कमी असेल. बॅटरीचे गाजर दाखवून ही कमान विकू नका. ग्राहक दोन महिन्यांत हिशेब मांडेल. सांगण्यासारखे फायदे वेगळे आहेत. गंज नाही, करकर नाही, ग्रीसची गरज नाही, आणि चाकाबरोबर हलणारे वजन कमी झाल्याने रिकामी गाडी खराब रस्त्यावर कमी उडते.

आता उसाची ट्रॉली. स्टीलला, ताण एका मर्यादेखाली ठेवला तर, थकव्याने, म्हणजे पुन्हा पुन्हा भार येऊन, न तुटण्याची एक पातळी असते. काचतंतूला अशी पातळी नाही. ढोबळ नियम असा की भाराच्या आवर्तनांची संख्या दहापट झाली की सोसण्याची ताकद मूळ ताकदीच्या सुमारे दहा टक्क्यांनी उतरते. १००० मेगापास्कलची पट्टी दहा लाख आवर्तनांनंतर ४०० च्या आसपास सोसते. वरच्या उदाहरणातील ३२० मेगापास्कलला या नियमाने साठ लाखांहून अधिक आवर्तने मिळतात. त्याच कमानीवर दीडपट भार टाकला की ताण ४८० वर जातो आणि आवर्तने दीड लाखाच्या आसपास उरतात. दीडपट भाराने आयुष्य चाळीस पटींनी घटले. गळीत हंगामात कारखान्याच्या गव्हाणीसमोर रांगेत उभ्या असलेल्या ट्रॉल्या पाहिल्या की दीडपट हा अंदाज कसा सौम्य आहे ते कळते. स्टीलचा पाटाही त्या भाराने मोडतो, पण तो रस्त्याच्या कडेला बदलता येतो, आणि मालकाला भार वाढवायचाच असेल तर आपल्यासारख्यांकडे येऊन तो एक जादा पाटा टाकून घेतो. काचतंतूच्या कमानीत जादा पाटा टाकता येत नाही. ज्या गाडीचा भार ठरलेला आहे आणि जेथे तो पाळला जातो, तेथेच ही कमान शोभते.

उन्हाचा प्रश्न आपण योग्य विचारला आहे. मे महिन्यात सोलापुरात हवा ४२-४४ अंशांवर जाते, आणि डांबराजवळ, गाडीखाली, तापमान त्याहून बरेच जास्त असते. इपॉक्सीचे एक काचसंक्रमण तापमान असते. त्याच्या जवळ गेले की रेझिन मऊ पडते, तंतूंना एकत्र धरण्याची त्याची क्षमता घटते आणि कमान हळूहळू बसत जाते. खोलीच्या तापमानावर घट्ट होणाऱ्या हार्डनरने बनवलेल्या इपॉक्सीत हे तापमान ६०-७० अंशांच्या घरात राहते, आणि ओलावा शोषल्यावर ते आणखी खाली येते. सोलापूरसाठी असे रेझिन बादच समजा. साच्यात १२० अंशांच्या आसपास घट्ट होणारे आणि नंतर भट्टीत पुन्हा शेकलेले रेझिन घ्या, ज्याचे काचसंक्रमण तापमान १२० च्या वर आहे आणि पुरवठादार ते चाचणीच्या कागदावर लिहून देतो. पाण्याच्या टाक्या आणि पत्रे बनवणाऱ्यांकडे मिळणारे पॉलिएस्टर रेझिन व तुकड्यांची चटई कमानीला चालत नाही, ते कितीही जाड थापले तरी.

उन्हापेक्षा मला दुसऱ्या एका गोष्टीची धास्ती अधिक वाटते, आणि ती विजेच्या स्वस्त गाड्यांत हमखास असते. ज्या गाड्यांत अजून शिशाच्या बॅटऱ्या आहेत त्यांतून सौम्य गंधकाम्ल सांडते. सामान्य ई-काच ताणाखाली असताना असे आम्ल लागले तर तंतू एकामागून एक ठिसूळपणे तुटत जातात, आणि पाटा कोणतीही पूर्वसूचना न देता आडवा मोडतो. यावर उपाय आहे: आम्लरोधी, बोरॉनविरहित ईसीआर प्रकारची काच मागवा, आणि बॅटरीच्या पेटीचे पाणी कमानीवर पडणार नाही अशी वाट काढून द्या.

बनवण्याच्या पद्धतीकडे येऊ. सोलापुरात ताणा आणि बाणा कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कमानीच्या पाट्यात जवळजवळ सगळा ताणाच हवा, बाणा नाममात्र. विणलेल्या कापडात प्रत्येक धागा दुसऱ्याच्या वरून-खालून जाताना वाकतो, आणि भार आला की आधी तो वाक सरळ होऊ पाहतो. लाखो वेळा असे झाले की त्या वळणांवर रेझिनला भेगा पडतात. म्हणून काचेच्या कापडाचे थर एकावर एक रचून पाटा बनवू नका. न विणलेल्या रोव्हिंगच्या (काचतंतूंच्या सलग जुड्यांच्या) दोऱ्या रेझिनच्या कुंडातून ओढून, दोन खुंट्यांच्या चौकटीवर सारख्या ताणाने गुंडाळून, ती लड साच्यात ठेवून दाबणे ही पद्धत आपल्या प्रेसवर होऊ शकते. दोन्ही साचे आतून तापवण्याची आणि तापमान नेमके राखण्याची सोय मात्र करावी लागेल. रेझिन आधीच लावून मिळणाऱ्या प्रीप्रेगने काम स्वच्छ होते, पण ते उणे १८ अंशांवर साठवावे लागते, आणि ज्या भागात वीज तासन्‌तास जाते तेथे जनरेटरशिवाय ते मागवू नये.

वीस मिमी जाडीचा पाटा घाईने तापवला तर रेझिनची स्वतःची उष्णता आतून बाहेर निघू शकत नाही. मधला गाभा साच्यापेक्षा जास्त तापतो, काळवंडतो आणि थंड होताना आतून फुटतो, बाहेरून मात्र पाटा निर्दोष दिसतो. पहिल्या काही पाट्यांच्या गाभ्यात थर्मोकपलची तार ठेवून तापमानाचा आलेख काढल्याशिवाय उत्पादन सुरू करू नका. दुसरा शत्रू हवेचे बुडबुडे. बुडबुड्यांचे प्रमाण एक टक्क्याने वाढले की थरांमधली कातर ताकद साधारण सात टक्क्यांनी उतरते, आणि टोकांच्या पाचरीत हीच ताकद कामाला येते. प्रत्येक घाण्यातील एक तुकडा कापून ५६५ अंशांच्या भट्टीत रेझिन जाळून तंतूंचे प्रमाण पाहा. घनफळाने ५० ते ६० टक्के काच असावी. आखूड तुकड्याची कातर चाचणी शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या चाचणी यंत्रावर होऊ शकते. कडा घासताना काचेची धूळ उडते, तेव्हा चांगला मास्क, शोषण पंखा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. कारागीर ऐकत नसतील तर ते काम ओल्याने करवून घ्या.

बसवल्यानंतरची काळजी पाट्यांच्या धंद्यातील सवयींच्या उलट आहे. कमानीजवळ गॅस कटर किंवा वेल्डिंग नको, तेथे ठिणगी उडणार असेल तर पाटा आधी उतरवावा. दगडाने कडेचा रंग उडाला असेल तर ती जागा स्वच्छ करून पॉलियुरेथेन लेप पुन्हा द्यावा. हा पाटा सहसा एका क्षणात मोडत नाही. आधी पांढरट रेषा दिसतात, मग लांबीच्या दिशेने केसासारखी चीर, मग टोकाजवळ थर सुटून नाण्याने वाजवल्यावर बद्द आवाज येतो, आणि या सगळ्यात कडकपणा हळूहळू कमी होत जातो. म्हणून ठरलेल्या भाराखाली चासीपासून आसापर्यंतची उंची बसवतानाच मोजून ठेवावी आणि प्रत्येक तपासणीत पुन्हा मोजावी. कडकपणा दहा टक्क्यांनी घटला की कमान बदलायची, असा दंडक ठेवावा. ती दुरुस्त करून पुन्हा बसवायची नसते, हे ग्राहकाला विक्रीच्या वेळीच सांगावे.

कायद्याची बाजू थोडक्यात. नोंदणी झालेल्या गाडीची निर्मात्याने ठरवलेली रचना बदलणे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ च्या कक्षेत येते. रस्त्यावरच्या टेम्पोची स्टीलची कमान काढून आपली कमान बसवून देण्याचा धंदा करू नका. गाडीच्या निर्मात्याला बरोबर घेऊन, पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत चाचण्या करूनच पुढे जावे लागेल, आणि त्याला वेळ व पैसा दोन्ही लागतात.

तोपर्यंत प्रेस रिकामा राहू नये यासाठी एक सूचना. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची कमतरता नाही, आणि सेंट्रिफ्यूगलखाली (साखर मळीपासून वेगळी करणाऱ्या फिरत्या यंत्राखाली) साखर पुढे ढकलणारा ग्रासहॉपर कन्व्हेयर त्यांच्यापैकी अनेकांत आहे. तो तिरप्या पट्ट्यांवर उभा असतो, आणि या पट्ट्या लाकडी, स्टीलच्या किंवा काचतंतूच्या असतात. भार ठरलेला, हेलकावा ठरलेला, दोन्ही टोके प्लेटांमध्ये दाबून धरलेली, डोळे नाहीत, ब्रेक नाहीत, आणि पट्टी तुटली तर कन्व्हेयर थांबतो, कोणी दगावत नाही. समजा पट्टीची मोकळी लांबी ४०० मिमी, जाडी १० मिमी आणि हेलकावा मध्यापासून दोन्हीकडे १२ मिमी आहे, तर तिच्या पृष्ठभागावर ताण ९० मेगापास्कलच्या आसपास येतो. काचतंतूला हा आरामाचा ताण आहे. मिनिटाला ३०० हेलकावे धरले तर दिवसाला चार लाखांहून अधिक आणि शंभर दिवसांच्या हंगामात चार कोटींहून अधिक आवर्तने होतात. इतकी आवर्तने चाचणीयंत्रावर विकत घ्यायची म्हटली तर आपल्याला परवडणार नाहीत.

प्रत्येक घाण्यातील दोन पट्ट्या कार्यशाळेत बाजूला ठेवा आणि बाकीच्या कारखान्याला द्या. हंगाम संपला की वापरलेल्या पट्ट्या परत मागवून दोहोंचा वाकण्याचा कडकपणा आणि कातर ताकद शेजारी शेजारी मोजा, आणि प्लेटांच्या कडेखालचा भाग करवतीने कापून भिंगाखाली पाहा. त्या कडेला थर सुटू लागले असतील, तर टेम्पोच्या बैठकीचे रेखाचित्र त्यानुसार बदलून मग मला पाठवा.